रिपोर्ट नॉर्मल, मग मामाला झालंय तरी काय?

मित्रांनो, हाड मोडलं की एक्स-रेमध्ये दिसतं. मूतखडा सोनोग्राफीत दिसतो. मग मन आजारी पडलं, तर ते कशात दिसतं?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये, एका स्कॅन सेंटरच्या बाकड्यावर. मी तेव्हा सातवीत होतो. शेजारी आजोबा बसले होते. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. आत, मशीनमध्ये, माझा मामा होता. वय वर्षं एकोणीस.

मामा लातूरला शिकायला होता. गणितात हुशार, पेटी वाजवायचा, सुटीत गावी आला की मला खांद्यावर बसवून शेतात न्यायचा. त्या वर्षी दिवाळीला आला तो वेगळाच. अंघोळ नाही, जेवणावर लक्ष नाही. रात्र रात्र जागा. "गल्लीतले लोक माझ्याबद्दल बोलतात, ऐकू येत नाही का तुम्हाला?" असं म्हणायचा. आम्ही कान देऊन ऐकायचो. गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नसायचं! बातम्या लागल्या की टीव्ही बंद करायचा, कारण बातम्या देणारी बाई त्याच्याविषयीच बोलते, अशी त्याची खात्री पटली होती.

गावात एकच निदान झालं. "बाहेरचं लागलंय!" मग लिंबू, धूर, अंगारा, तीन अमावस्या. मामा आणखीच खचला. आणि एक गोष्ट मला आजही सांगायला लाज वाटते. गावातली पोरं त्याच्या मागे "येडा, येडा" करत पळायची, खडे मारायची. त्यांतला एक खडा माझा होता. तो माझा मामा आहे हे पोरांना कळू नये म्हणून मी मारला होता.

शेवटी गावच्या मास्तरांनी सांगितलं म्हणून आबा त्याला नांदेडला घेऊन आले. डॉक्टरांनी सीटी स्कॅन लिहून दिला. तुरीच्या पट्टीचे आलेले पैसे आबांनी धोतराच्या कनवटीला बांधून आणले होते. तासाभराने रिपोर्ट मिळाला. डॉक्टरबाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "मेंदूचा फोटो नॉर्मल आहे."

आबांचा चेहरा आधी फुलला. आणि मग एकदम लाल झाला.

"नॉर्मल हाय? मग हे पोरगं सोंग करायलंय का?"

बंद खोकं

आबांचा प्रश्न साधा नव्हता, मित्रांनो. जगातले मोठमोठे डॉक्टर शंभराहून जास्त वर्षं त्याच प्रश्नाशी झगडत आले आहेत.

मामाच्या आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. मराठी पुस्तकांत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. जर्मनीचे डॉ. एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हाच त्यांना वाटत होतं की याचं मूळ मेंदूत असणार. त्यांच्याच प्रयोगशाळेत आलोइस अल्झायमर नावाचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या चकत्या तपासत. म्हातारपणी विसर पडण्याच्या आजाराला ज्यांचं नाव मिळालं, तेच हे अल्झायमर. त्या आजाराच्या खुणा त्यांना मेंदूत स्पष्ट सापडल्या. पण स्किझोफ्रेनियाच्या तशा ठळक खुणा काही सापडेनात. गाठ नाही, जखम नाही, सूज नाही. आणि जिवंत माणसाचा मेंदू तर कवटीच्या बंद खोक्यात. उघडून कसा बघणार?

स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं स्वित्झर्लंडचे डॉ. ऑयगेन ब्लॉयलर यांनी, १९०८ साली. या नावाने मात्र एक घोटाळा करून ठेवला. छिन्न मन म्हणजे 'एका माणसात दोन माणसं', असं लोकांना वाटू लागलं. सिनेमावाल्यांनी तर त्यावर कळस चढवला. प्रत्यक्षात तसं काही नसतं. विचार, भावना आणि वागणं यांचा एकमेकांशी असलेला मेळ सुटतो, एवढाच ब्लॉयलर यांचा अर्थ होता. जपानमध्ये तर या आजाराचं जुनं नाव रुग्णांना फार लागायचं, म्हणून २००२ साली तिथल्या डॉक्टरांनी ते चक्क बदलून टाकलं. आपल्याकडेही कुणीतरी हे मनावर घ्यायला हवं, असं मला वाटतं.

खोकं न उघडता

मग आलं सीटी स्कॅन. इंग्लंडच्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरने बनवलेल्या यंत्रात १९७१ साली पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा फोटो निघाला. या कामासाठी त्यांना १९७९ साली अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

या नव्या यंत्राचा उपयोग स्किझोफ्रेनियासाठी करून बघावा, असं लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमधल्या ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटलं. १९७६ साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले. वर्षानुवर्षं हा आजार असलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या पोकळ्या निरोगी माणसांपेक्षा मोठ्या दिसत होत्या.

मेंदूत पोकळ्या? हो! मेंदू म्हणजे काही भरीव नारळ नव्हे. त्याच्या आत चार पोकळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखं नितळ द्रव असतं. हेच द्रव मेंदूच्या बाहेरून आणि पाठीच्या कण्यातूनही फिरतं. सगळं मिळून साधारण दीडशे मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका कपाएवढं.

आता पोकळी मोठी झाली म्हणजे काय झालं? नांदेडला गोदावरीच्या काठावर राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. पुरात काठ खचला की नदीचं पात्र रुंद दिसतं. पाणी वाढलं म्हणून नव्हे, तर काठ गेला म्हणून. इथेही तसंच. पोकळी रुंद दिसते, कारण तिच्या भोवतीचा मेंदूचा भाग थोडासा कमी भरतो.

पण शंकेखोर लोक सगळीकडे असतात, आणि विज्ञानात तर ते हवेतच. ते म्हणाले, "माणसामाणसांचे मेंदू जन्मतःच लहानमोठे असतात. फरक आजाराचाच कशावरून?"

पंधरा जोड्या जुळ्यांच्या

या शंकेवरचा तोडगा मला फार आवडतो. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एकसारख्या जुळ्यांच्या पंधरा जोड्या शोधल्या. एकसारखी जुळी म्हणजे एकाच बीजापासून झालेली, दिसायला हुबेहूब. प्रत्येक जोडीत एकाला स्किझोफ्रेनिया आणि दुसरा निरोगी. घर एक, आईवडील एक, आनुवंशिकता एक. तुलना करायला याहून चांगलं काय मिळणार?

तोवर एम.आर.आय. यंत्र आलं होतं. त्यात क्ष-किरण नसतात, मोठ्या चुंबकाने काम होतं आणि फोटो सीटीपेक्षा खूप बारकाईने निघतो. सगळ्यांचे फोटो काढले. मग कोण आजारी आणि कोण निरोगी हे न सांगता ते तपासनिसापुढे ठेवले. नुसत्या नजरेने, त्या द्रवाच्या पोकळ्या बघून, ओळखा पाहू!

पंधरापैकी बारा जोड्यांत आजारी भावंड बरोबर ओळखता आलं. दोन जोड्यांत काहीच फरक दिसेना. आणि एका जोडीत तर निरोगी भावंडालाच आजारी ठरवलं गेलं! हा अभ्यास १९९० साली छापून आला. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मोजमाप केल्यावर आणखी एक गोष्ट कळली. पंधरापैकी चौदा जोड्यांत आजारी भावंडाचा डावा हिप्पोकॅम्पस लहान भरला. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या आत दडलेला एक वळणदार भाग. समुद्रघोडा नावाच्या माशासारखा दिसतो म्हणून त्याचं हे नाव. नवी आठवण साठवायची, रस्ते लक्षात ठेवायचे, ही त्याची कामं. लंडनच्या गल्ल्याबोळ पाठ असणाऱ्या टॅक्सी ड्रायव्हरांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो, असं २००० साली दिसून आलं होतं. म्हणजे मेंदूचे हे भाग दगडात कोरल्यासारखे कायमचे नसतात बरं का!

पंधरा जोड्या म्हणजे तसा लहानच अभ्यास. पुढे देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी आपापले फोटो एकत्र करायचं ठरवलं. २०१६ साली अशा एका मोठ्या गटाने २०२८ रुग्ण आणि २५४० निरोगी माणसं यांच्या मेंदूची तुलना छापली. हिप्पोकॅम्पस सरासरीने लहान होता. बदामाच्या आकाराचा अमिग्डाला, जो भीतीसारख्या भावना ओळखतो, तोही लहान. थॅलॅमसही लहान.

थॅलॅमस काय करतो? लातूरची गंजगोलाई आठवा. गोल बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. गावातला माल कुठूनही येवो, गोलाईला वळसा घालून पुढे जाणार. थॅलॅमस हा मेंदूतला तसाच चौक. डोळ्यांकडून, कानांकडून, त्वचेकडून येणारे निरोप इथून वाटले जातात. आता कल्पना करा, गोलाईतल्या वाहतुकीचा गोंधळ झाला तर? आतला विचार बाहेरून आलेल्या आवाजासारखा भासू लागला तर? मामाला ऐकू येणारी कुजबुज काहीशी अशीच होती. त्याच्या स्वतःच्या मेंदूनेच ती तयार केलेली, पण त्याला मात्र ती खरोखर 'ऐकू' यायची. सोंग नव्हतं ते.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर

आता तुम्ही म्हणाल, मग मामाचा रिपोर्ट नॉर्मल कसा?

वहीत एक प्रयोग करा. तुमच्या शाळेतल्या नववी आणि दहावीच्या सगळ्या मुलांची उंची मोजा, सरासरी काढा. दहावीची सरासरी थोडी जास्त निघेल. म्हणजे फरक खरा आहे. पण उद्या शाळेच्या फाटकात एक अनोळखी मुलगा उभा राहिला, उंची १६० सेंटिमीटर, तर तो नववीतला की दहावीतला, हे नुसत्या उंचीवरून सांगाल? नाही सांगता येणार. नववीतही उंच मुलं असतात आणि दहावीतही बुटकी असतात.

स्किझोफ्रेनियाचं अगदी असंच आहे. हजारो मेंदूंची सरासरी काढली की फरक स्पष्ट दिसतो. पण एका माणसाचा एक फोटो समोर ठेवला, तर तो निरोगी माणसाच्या फोटोत सहज मिसळून जातो. त्या पंधरा जोड्यांत जुळं भावंड शेजारी ठेवूनसुद्धा तीन ठिकाणी ओळखता आलं नव्हतं. मामाच्या शेजारी ठेवायला तर कुणीच नव्हतं.

म्हणून आजही, एम.आर.आय. कितीही सुधारलं तरी, फोटो काढून स्किझोफ्रेनियाचं निदान करत नाहीत. डॉक्टर रुग्णाशी बोलून, घरच्यांना विचारून, काही महिने लक्ष ठेवून निदान करतात. मग स्कॅन कशाला? मेंदूत गाठ, मार किंवा जंतूंचा आजार तर नाही ना, हे पाहायला. 'नॉर्मल'चा अर्थ 'यांपैकी काही नाही' एवढाच.

डॉक्टरबाईंनी आबांना इतकं सगळं सांगितलं नाही. बाहेर पेशंटची ही रांग! त्या एवढंच म्हणाल्या, "बाबा, रेडिओ खरखरतो तेव्हा वरून डबा फुटलेला दिसतो का? नाही ना? मग रेडिओ सोंग करतो म्हणाल का?" आबा गप्प झाले. घरी जाताना एस.टी.त त्यांनी मामाला खिडकीजवळची जागा दिली.

हे होतं तरी का?

या आजाराची सुरुवात बहुतेक वेळा पंधरा ते तीसच्या दरम्यान होते. नेमकं त्याच वयात का? याचा एक सुगावा शेतात सापडतो. पेरणीनंतर रोपं दाट उगवली की शेतकरी विरळणी करतो. जादा रोपं उपटतो म्हणजे राहिलेली जोमाने वाढतात. आपल्या मेंदूतही तेच चालतं. लहानपणी मेंदूच्या पेशींमध्ये गरजेपेक्षा खूप जास्त जोडण्या तयार होतात आणि तुमच्या वयात, म्हणजे पौगंडावस्थेत, नको असलेल्या काढून टाकल्या जातात. ही विरळणी काहींच्या मेंदूत प्रमाणाबाहेर होत असावी, अशी कल्पना १९८२ साली अमेरिकेच्या आयर्विन फाइनबर्ग यांनी मांडली. २०१६ साली या कल्पनेला बळ देणारा पुरावा मिळाला. या विरळणीत भाग घेणाऱ्या सी-४ नावाच्या जनुकाचे काही प्रकार स्किझोफ्रेनियाचा धोका थोडा वाढवतात, असं आढळलं.

थोडाच, बरं का! एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याहून कमी असते. म्हणजे सगळं जनुकांवर नाही. पोटात असताना किंवा जन्मावेळी झालेला त्रास, फार मोठे ताण, लहान वयातला गांजा यांनीही धोका वाढतो.

पालकांनो, आता दोन शब्द तुमच्याशी. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत काही तज्ज्ञ या आजाराचा दोष सरळ आईला देत. आईने माया केली नाही, म्हणून मूल असं झालं! किती घरं या एका वाक्याने पोळली असतील. हे म्हणणं पुढे साफ टाकून दिलं गेलं. पण आपल्या गावांत ते वेगळ्या रूपात अजून ऐकू येतं. कुणाची तरी नजर, कुणाची करणी, नाहीतर सुनेचा पायगुण. आणि भूत काढण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही माहीत असू द्या.

आणखी एक. औषधांचाही मेंदूच्या आकारमानावर थोडा परिणाम होऊ शकतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण आजार नुकताच सुरू झालेल्या, गोळ्या न घेतलेल्या रुग्णांतही काही फरक आढळतात. त्यामुळे हे वाचून कुणाच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांनी.

जालना, किल्लारी आणि देवराई

आपल्या मराठवाड्याचा या बाबतीतला इतिहास थोडा अजबच आहे. निजामाच्या काळात हैदराबाद संस्थानाचं मनोरुग्णालय काही काळ जालन्याला होतं. १९५३ साली ते हैदराबादला, एरागड्ड्याला गेलं. महाराष्ट्राची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली. नांदेड-लातूरच्या माणसाला वर्षानुवर्षं एकच वाट माहीत होती, येरवड्याची. आणि 'येरवड्याला धाडला' म्हटलं की माणूस गावातून वजाच!

मग ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट आली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं गणपती विसर्जनानंतर झोपली होती ती उठलीच नाहीत. हजारो माणसं गेली. उरलेल्यांच्या मनावर काय झालं याचा अभ्यास करायला डॉक्टर आले, त्यांत डॉ. मोहन आगाशेही होते. हो, सिनेमा-नाटकांत काम करणारे तेच आगाशे, ते मानसोपचारतज्ज्ञ आहेत. लातूर-धाराशिवच्या खेड्यांत 'मनाचा डॉक्टर' ही वस्तू अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. भूकंपाने होणारा मनाचा आघात आणि स्किझोफ्रेनिया हे दोन वेगळे आजार, पण मनालाही औषध असतं ही गोष्ट त्या निमित्ताने गावापर्यंत आली.

आणि एक माणूस सांगितल्याशिवाय राहवत नाही. डॉ. जगन्नाथ वाणी. खानदेशातल्या धुळ्याचे, पुढे कॅनडातल्या कॅलगरीच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. वाणींनी तो लपवला नाही. कॅनडात रुग्णांच्या कुटुंबांसाठी काम केलं आणि पुण्यात 'सा' ही स्किझोफ्रेनिया जागृती संस्था उभी केली. त्यांच्याच पुढाकाराने २००४ साली 'देवराई' हा मराठी चित्रपट आला, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. त्यात अतुल कुलकर्णींनी शेष नावाच्या रुग्णाचं काम केलं आहे. आमच्या घरी तो सगळ्यांनी मिळून पाहिला. मामाही होता. मध्येच म्हणाला, "हे बरोबर दाखवलंय, असंच होतं."

जगात दर तीनशे माणसांमागे साधारण एकाला हा आजार असतो. म्हणजे तुमच्या गावात, गल्लीत, कदाचित तुमच्या लातूरच्या होस्टेलवरही कुणी असेल. खोलीतला मित्र अचानक एकटा राहू लागला, झोपेना, नसलेले आवाज ऐकू लागला, तर चिडवू नका आणि वादही घालू नका. सरांना सांगा, त्याच्या घरी कळवा. सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. उपचार जितके लवकर सुरू होतात तितका फायदा जास्त.

मामा आता चाळिशी ओलांडून गेला आहे. नांदेडच्या मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहितो. गणित अजून पक्कं आहे. दोनदा आजार उलटला, दोन्ही वेळा गोळ्या सोडल्यामुळे. अधूनमधून कुजबुज ऐकू येते, पण "आली की मी पेटी काढतो," म्हणतो. त्या खड्याबद्दल मी त्याला मोठेपणी सांगितलं. त्याला तो आठवतच नव्हता.

हा लेख लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवला. जुळ्यांच्या जोड्यांपाशी त्याने मला थांबवलं. "एका जोडीत चांगल्यालाच आजारी ठरवलं म्हणतोस?" आणि खो खो हसत सुटला. मग चष्मा पुसून म्हणाला, "तेवढा भाग परत वाच."

मी परत वाचला.